काटेराव काय विसरला?

काटेराव शुक्रवारी जाणार, असं वाहिनीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा काका पेन्सिलीला टोक करत होते. टोक झालं होतं. तरी ते करत राहिले आणि बरीचशी पेन्सिल केराच्या डब्यात गेली.

काटेराव म्हणजे एक साळिंदर. मुलांच्या वाहिनीवर एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो वेळ उरतो, तेवढ्यापुरता तो यायचा. बोलायचा नाही. जांभई द्यायचा, शिंकायचा, चुकून स्वतःच्याच काट्यांवर बसायचा आणि मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचा. पण त्याचं खरं वैशिष्ट्य होतं त्याची चाल. उजवा पाय जरा आखूड असल्यासारखा तो लचकत चालायचा आणि प्रत्येक पावलाला पाठीवरचे सगळे काटे सळसळत एका बाजूला झुकायचे. बावीस वर्षं मुलं शाळेच्या मैदानात तशी चालत होती. ती बावीसही वर्षं काटेरावाला काकांनी एकट्यांनी काढलं होतं.

मॅडम वाईट नव्हत्या. लहानपणी आपणही तसंच चालायचो आणि आईचा मार खायचो, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पण आता जमाना बदलला होता. काटेरावाच्या जागी एक निळा, गुळगुळीत गोळा येणार होता. त्याला दोन डोळे होते आणि बाकी काही नव्हतं. पाय नसल्यामुळे चालीचा प्रश्नच नव्हता. तो घरंगळणार होता. काकांनी फक्त बारा सेकंदांचा निरोप काढायचा होता. काटेराव बॅग उचलतो, हात हलवतो, दारातून बाहेर जातो. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एकदा दाखवायचा आणि लगेच गोळा.

"जमेल ना काका?" मॅडमनी विचारलं.

"जमेल," काका म्हणाले. बावीस वर्षांत ते याहून वेगळं काही म्हणाले नव्हते.

खरी अडचण घरी होती. घरी काकांचे थोरले भाऊ होते, दादा. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ते पलंगावर होते. दिवसा एक मावशी येऊन त्यांचं सगळं करायच्या, संध्याकाळी काका. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. धाकट्याला कोणाला विचारायचं धाडस झालं नाही आणि थोरल्याच्या जिभेमुळे कोणी त्याला विचारलं नाही. पलंगासमोर टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर मुलांची वाहिनी. "इथे कोणी मरत नाही," दादा म्हणायचा, "आणि कोणी तब्येतीचे सल्ले देत नाही." काटेराव आला की तो म्हणायचा, "आला लंगडा." एवढंच. पण तेव्हा पांघरुणाखाली त्याचा पाय हलायचा. डॉक्टरांनी इतके व्यायाम सांगितले, दादाने त्यातला एकही केला नाही; काटेरावाबरोबर मात्र पाय हलायचा, जणू तोही चाललाय. हे काका रोज बघत होते.

कारण ती चाल दादाची होती.

लहानपणीच्या एका तापानंतर दादाचा एक पाय आखूड राहिला. काका सात वर्षांचे असताना त्यांनी मधल्या सुट्टीत चार पोरांना दादाची चाल करून दाखवली. ती इतकी छान जमली की बघता बघता चाळीस पोरं जमली. पोरं हसत होती, आणि गर्दीच्या मागे दादा उभा होता. चार दिवस तो बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, पण त्या विषयावर नाही. पुढे त्यानेच धाकट्याला चित्रं काढायला शिकवलं, रंग आणून दिले, कलाशाळेत घातलं. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी वाहिनीने एक हसवणारा प्राणी मागितला तेव्हा काकांच्या हातून पुन्हा तीच चाल उतरली. त्या वेळी चाळीस पोरं हसली होती. या वेळी किती लाख हसली, ते मोजता येण्यासारखं नव्हतं. दादाला हे कधीतरी सांगायचं, क्षमा मागायची, असं त्यांनी बावीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात सांगू, असं.

आता काटेरावच जाणार होता. आणि त्याच्याबरोबर तो पायही थांबणार, असं काकांना वाटू लागलं.

गुरुवारी त्यांनी निरोप काढला. मन ठिकाणावर नव्हतं, हात मात्र ठिकाणावर होता, आणि गोंधळ झाला तो त्यामुळेच. दोन कार्यक्रमांमध्ये किती सेकंद उरतील ते कोणालाच आधी ठाऊक नसतं, म्हणून काटेरावाचं प्रत्येक चित्रण लूपमध्ये असायचं, म्हणजे शेवटचं चित्र पहिल्या चित्राला असं जुळवायचं की ते कितीही वेळा फिरवलं तरी सांधा दिसू नये. काकांनी काटेरावाला दाराबाहेर नेलं. हाताने सवयीने त्याला दुसऱ्या बाजूने आत आणलं आणि बॅग होती तिथे ठेवली. फाइलवर, नेहमीसारखंच, 'फिरत ठेवणे' असं लिहिलं. आणि ते घरी गेले.

शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा टाकली. सातच्या सुमारास दादाला टीव्ही दिसू द्यायचा नाही, एवढं ठरलं होतं. सातला पाच कमी असताना ते पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विच खाली केला.

"लाईट गेली," त्यांनी आत येऊन सांगितलं.

दादाने खिडकीतून बाहेर पाहिलं. "समोरच्यांची आहे."

"त्यांची लाइन वेगळी असेल."

"खालच्या दुकानाची?"

"तीही वेगळी असेल."

"आणि आपल्याच जिन्यातल्या दिव्याची?" दादा म्हणाला. "धाकट्या, बटण वर कर आणि इथे येऊन बस. तो आज जाणार आहे, हे मला ठाऊक आहे. आठवडाभर टीव्हीवर तेच सांगतायत."

काकांनी बटण वर केलं आणि ते पलंगाच्या कडेला बसले. सात वाजले. काटेराव आला. त्याने बॅग उचलली, हात हलवला आणि लचकत लचकत दाराबाहेर गेला. शेवटचा काटा दारात अडकला, तो त्याने ओढून घेतला. दार बंद झालं.

पांघरूण हललं नव्हतं.

"गेला," दादा म्हणाला.

"गेला," काका म्हणाले. आता सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात काटेराव दुसऱ्या बाजूने आत आला.

त्याने बॅग खाली ठेवली. पुन्हा उचलली. हात हलवला. निघाला.

"काय विसरला?" दादाने विचारलं.

आपण काय करून बसलो ते काकांना आता कळलं. तिसऱ्यांदा काटेराव आत आला तेव्हा दादा म्हणाला, "छत्री असेल." चौथ्यांदा, "गॅस बंद केला का ते बघायला आला." पाचव्यांदा फोन वाजला. मॅडम होत्या. मागे खूप माणसांचा गलका ऐकू येत होता.

तिकडचा प्रकार काकांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळला. गोळ्याच्या स्वागताला एका सभागृहात पाहुणे बोलावले होते. मोठ्या पडद्यावर काटेराव पहिल्यांदा गेला तेव्हा कित्येकांचे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा गेला तेव्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा लोक खोकू लागले. वाहिनीच्या प्रसारण खोलीत गोळ्याची फिल्म काही केल्या मशीनवर उघडत नव्हती, आणि पडदा क्षणभरही कोरा ठेवायचा नाही असा नियम होता. तिथल्या माणसाने काकांच्या फाइलवरची सूचना वाचली आणि ती इमानेइतबारे पाळली. सभागृहात पडद्यामागे एक नट गोळ्याच्या आत जाऊन बसला होता. गोळ्याला हात नसल्यामुळे त्याला घामही पुसता येत नव्हता.

"काका, त्याला थांबवा हो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी नुसता काढतो," काका म्हणाले. "थांबवणं माझ्याकडे नाही."

फोन ठेवून ते वळले तर दादा हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. असं तो शेवटचं कधी हसला होता ते काकांना आठवेना. आणि पांघरुणाखाली पाय हलत होता. काटेराव आठव्यांदा निघाला, नवव्यांदा निघाला.

"रोज निघायचं आणि जायचं नाही," दादा डोळे पुसत म्हणाला. "मला दोन वर्षांचा अनुभव आहे."

काका म्हणाले, "दादा, मला एक सांगायचंय. ही चाल..."

"पाय चुकलाय तुझा."

"काय?"

"माझा डावा आहे." त्याने पांघरुणातून बोट दाखवलं. "तू उजवा काढलास. बावीस वर्षं बघतोय."

काकांनी पांघरुणाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. चित्राला चाल द्यायची तर आधी ती आपल्या अंगावर घ्यावी लागते. टेबलाशेजारी उभा आरसा असतो, त्याच्यापुढे करून बघायची आणि दिसेल ती काढायची. ते डावा पाय ओढतच चालले होते. आरशातला माणूस उजवा ओढत होता. त्यांनी आरशातला काढला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? नवी नोकरी होती तुझी. चूक काढली असती तर तू राजीनामा देऊन आला असतास. मला तुझा स्वभाव माहीत नाही का?"

काटेराव पुन्हा आत आला. काका खाली मान घालून म्हणाले की त्यांना पायाबद्दल नाही, त्या मधल्या सुट्टीबद्दल बोलायचं होतं.

दादाने काटेरावाला पुन्हा एकदा निघू दिलं. "शाळेत डावाच केला होतास," तो म्हणाला. "तेव्हा बरोबर केली होतीस."

चाळीस मिनिटांनी गोळा आला तेव्हा दोघांपैकी कोणाचंही लक्ष नव्हतं.

सोमवारी काका कामावर गेले ते खिशात राजीनामा घेऊनच. मॅडमनी तो वाचलाही नाही. शनिवार-रविवार वाहिनीचे फोन वाजत होते आणि सगळ्या घरांतून मुलं एकच विचारत होती, काटेराव काय विसरला? सभागृहात तर मुलांनी गोळ्याला गाठून त्याच्याकडे काटेरावाची बॅग मागितली होती. म्हणून आता असं ठरलं होतं की गोळा राहील, पण रोज सात वाजता काटेराव निघेल, काहीतरी विसरेल आणि परत येईल.

"जमेल ना काका?"

"जमेल," काका म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत आले. "एक दुरुस्ती करायची आहे. पायात." मॅडमनी मान हलवली, त्यांना वाटलं, काहीतरी किरकोळ असेल.

काकांनी आरशाला कापड घातलं आणि आठ दिवस बसून काटेराव डाव्या पायाने चालवला. तो पहिल्यांदा दिसला त्या संध्याकाळी दादाने उशा मागून घेतल्या आणि उठून बसल्यासारखा झाला. काटेराव बाहेर गेला, चष्मा विसरला म्हणून परत आला. दादाने तो येताना पाहिला, जाताना पाहिला.

"आता बरोबर," तो म्हणाला.

त्यानंतर अकराव्या दिवशी संध्याकाळी काका अजून यायचे होते, मावशी स्वयंपाकघरात होत्या, टीव्हीवर गोळा घरंगळत होता, तेव्हा दादा गेला. मावशींना ते कळायला थोडा वेळ लागला. काटेरावाची वेळ झाली तरी "लावा जरा मोठा" असं कोणी म्हणालं नाही, म्हणून त्या बघायला आल्या.

काका पंधरा दिवसांनी कामावर आले. मॅडम त्यांच्या टेबलापाशी येऊन बसल्या, घरची चौकशी केली, आणि मग फार अवघडून त्यांनी पत्रांचा एक गठ्ठा पुढे केला. मुलांची पत्रं होती. हा काटेराव खोटा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खऱ्याचा उजवा पाय लचकतो. एका मुलीने तर दोन्ही काटेराव काढून पाठवले होते आणि डाव्या पायावर लाल फुली मारली होती.

"काका, तुम्हाला आत्ता सांगायला बरं वाटत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तेवढा पाय..."

काकांनी फुलीकडे पाहिलं. चित्र चांगलं होतं. मुलीच्या हातात कसब होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "जमेल" निघालं नाही. बघतो, म्हणाले.

त्यांनी आरशावरचं कापड काढलं. त्याच्यापुढे थोडं चालून पाहिलं, लचकत. आरशातला म्हातारा उजवा पाय ओढत समोरून त्यांच्याकडे आला. मग ते खाली बसले आणि काढू लागले.

आता तो रोज सात वाजता लागतो. काका घरी पलंगाच्या कडेला बसून बघतात. पलंगावर नीट घडी केलेलं पांघरूण असतं. काटेराव बॅग उचलतो, हात हलवतो आणि डाव्या पायाने लचकत निघून जातो. दार बंद होतं. काही सेकंद पडद्यावर नुसतं दार असतं; तेवढे काकांनी जास्तीचे ठेवले आहेत. मग तो परत येतो, उजव्या पायाने.

मुलांची तक्रार आली नाही. फक्त त्या लाल फुलीवाल्या मुलीचं पुन्हा एक पत्र आलं. काटेराव जाताना वेगळा चालतो हे तिच्या लक्षात आलं होतं. जाणारा काटेराव तो नव्हेच, दुसरा कोणीतरी आहे, असं तिला वाटत होतं. आणि जो गेला, तो जे विसरला तेच न्यायला हा परत येतो का, असं तिने विचारलं होतं.

काकांनी उत्तर लिहायला घेतलं आहे. पुढच्या आठवड्यात पाठवू, असं.