नऊ हजार हिरवे रेनकोट

स्टेडियम भरणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! हे वाक्य मी आमच्या कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंसमोर, त्यांच्याच खोलीत, त्यांचीच कॉफी पीत म्हटलं. कॉफी जरा आणखी गरम असती आणि माझी जीभ तेव्हाच भाजली असती तर किती बरं झालं असतं!

मी लायल ग्रुनवाल्ड. विस्कॉन्सिनमधल्या वेदरबी कॉलेजच्या तिकीट खिडकीत बसून केस पांढरे केलेला माणूस. फुटबॉल, म्हणजे आमचा हेल्मेट घालून धडका मारायचा अमेरिकन फुटबॉल, मला खेळता येत नाही, पण लोकांना बाकांवर कसं बसवायचं ते येतं. निदान तेव्हा तसं वाटायचं.

झालं होतं असं. आमच्याकडे कॉलेजांच्या टीमना एखाद्या कॉन्फरन्समध्ये असावं लागतं. कॉन्फरन्स म्हणजे एकत्र कुटुंबच. आपसात खेळायचं, आपसात भांडायचं, आणि ज्याला कुटुंब नाही त्याच्याशी कुणी खेळत नाही. आमचं घर छान नांदत होतं. पण थोरल्याला टीव्हीवाल्यांनी डोळा मारला आणि तो चंबूगबाळं आवरून निघाला. त्याच्यामागे मधला गेला, मग धाकटे गेले. बघता बघता घरात उरलो दोघंच. एक आम्ही, आणि दुसरं मिसिसिपीच्या पलीकडच्या तीरावरचं, मिनेसोटातलं होल्मविक कॉलेज. म्हणजे ज्यांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही तेच दोघे मागे राहिले!

आणि आता एका बड्या कॉन्फरन्सकडे एकच जागा रिकामी होती. आम्ही किंवा होल्मविक. ज्याला जागा मिळणार नाही त्याचं फुटबॉल बंद. पोरं, बँड, शनिवारची जत्रा, सगळं बंद. ती कॉन्फरन्सवाली मंडळी दोघांनाही एकाच दिवशी बघायला येणार होती, म्हणजे दोन्ही मुली एकाच मांडवात दाखवायच्या. दिवसही त्यांनी कोणता निवडावा? कंदिलाचा शनिवार!

दर नोव्हेंबरात एका शनिवारी वेदरबी आणि होल्मविक कंदिलासाठी खेळतात. कंदील कसला, रेल्वेच्या पुलावरचं जुनं गंजकं डबडं! काच तडकलेली, वात कुणी पाहिलेलीच नाही. जिंकेल त्याने तो वर्षभर काचेच्या कपाटात ठेवायचा. त्या डबड्यापायी दोन्ही गावांतल्या कितीतरी सोयरिकी मोडल्या आहेत.

एक मात्र जुळली. माझी थोरली बहीण व्हर्ना होल्मविकच्या पोराशी लग्न करून पुलापलीकडे गेली. आमच्या वडिलांनी लग्नात वेदरबीचा हिरवा टाय लावला होता आणि फोटोत ते फक्त आमच्याच बाजूला उभे आहेत. व्हर्नाने त्या दिवसापासून जे नारिंगी अंगावर घातलं ते आजतागायत उतरवलेलं नाही. होल्मविकचा रंग तो! आता तिचा नवरा गेला, वडील गेले, आई गेली. उरलो आम्ही दोघं, आणि आम्हाला एकमेकांशी प्रेमाने बोलता येत नाही. घरात ती पद्धतच नव्हती. आम्हाला फक्त टोमणे मारता येतात, आणि टोमण्याला काहीतरी कारण लागतं. आमचं कारण म्हणजे कंदील. वर्षातून त्या एका शनिवारी व्हर्ना राजमा आणि खिम्याच्या चिलीचं भलंमोठं पातेलं घेऊन पुलावरून येते. मी पहिला चमचा तोंडात घालतो आणि म्हणतो, "मीठ जास्त झालंय!" ती म्हणते, "तुझी जीभच कुजलीय!" झालं. भावाबहिणीचं वर्षभराचं प्रेम एवढ्यात उरकतं, आणि आम्हा दोघांना ते पुरतं.

तर अध्यक्षीणबाई, म्हणजे डॉक्टर अ‍ॅक्टरबर्ग, मला म्हणाल्या, "मिस्टर ग्रुनवाल्ड, ही मंडळी खेळ बघत नाहीत हो, बाकं बघतात. आपली बाकं नऊ हजार, आणि माणसं येतात निम्मी. कसं व्हायचं?"

"मॅडम, बाकाचा पत्रा दिसला तर माझं नाव बदला!" मी म्हणालो.

बाहेर आलो आणि कॅलेंडर बघितलं. त्याच शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडत होता. विस्कॉन्सिनमध्ये त्या दिवशी पुरुषमाणूस सापडत नाही. लग्न असो, मयत असो, सगळे जंगलात झाडावर चढून बसलेले!

मी हार्लन शुमाकरला गाठलं. हार्लन म्हणजे सामन्याआधी आमच्या पार्किंगमध्ये सॉसेज भाजत जत्रा भरवणाऱ्यांचा राजा. तो जिथे जातो तिथे अर्धं गाव जातं.

"हार्लन, या वेळी हरणाला सुट्टी दे रे बाबा!"

"मोसम नऊ दिवसांचा असतो, लायल. मार खायला तुमची टीम वर्षभर आहे."

"अरे, कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

त्याने दाढी खाजवली. "पहाटेपासून दुपारपर्यंत जंगलात. मग थेट मैदानात येतो, सगळ्यांना घेऊन. पण घरी जाऊन कपडे बदलायला वेळ मिळायचा नाही."

"अरे तसेच या!" मी म्हणालो. "कपड्यांना कोण विचारतंय?"

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी तर जन्मभर विसरणार नाही.

तरी बाकं उरतच होती. शेवटी मनावर दगड ठेवून व्हर्नाला फोन लावला.

"व्हर्ना, यंदा तुझ्या चर्चची माणसं जरा जास्त आण की."

"का रे? तुम्ही हरताना टाळ्या वाजवायला माणसं कमी पडतायत?"

"तिकीट फुकट."

पलीकडून हळू आवाजात, "लायल, डॉक्टरने काही सांगितलंय का तुला?"

"मला काय धाड भरलीय! अगं, एकालाच जागा आहे. तुम्ही गेलात काय, आम्ही गेलो काय, हा कंदील बहुतेक शेवटचा."

मी हे माणसं गोळा करायला म्हटलं होतं. एखाद्या दुकानदाराने 'शेवटचे दोनच नग' म्हणावं तसं. पण व्हर्नाला ते भलतंच लागलं.

"शेवटचा म्हणजे?" ती म्हणाली. "मग मी चिली कुणासाठी करायची?"

"आण तर आधी! नाहीतरी खारटच असते."

"गाढवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. पण नेहमीसारखा आपटला नाही.

आता प्रश्न उरला रंगाचा. स्टेडियम भरणार, पण अर्धं नारिंगी भरून कसं चालेल? मी डोकं लढवलं. हिरवे प्लॅस्टिकचे रेनकोट! नऊ हजार मागवले, प्रत्येक बाकावर एकेक घडी करून ठेवायचा. शनिवारी पाऊस पडणार असं हवामानवाले छातीठोक सांगत होते. पाऊस पडला की फुकटचा रेनकोट कोण घालणार नाही? सगळं मैदान हिरवंगार! आत कोण कुठला, हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. माझ्या हुशारीने मलाच गहिवरून आलं.

शनिवार उजाडला. आभाळात औषधाला ढग नाही! लखलखीत ऊन आणि हाडं फोडणारी थंडी.

आणि माणसं? अहो, माणसं मावेनात! 'शेवटचा कंदील' ही बातमी व्हर्नाने तिच्या चर्चमध्ये सांगितली, चर्चने गावाला सांगितली, गावाने तालुक्याला. पुलावर बसची रांग लागली. काठ्या टेकत म्हातारे आले, तान्ही पोरं आली, पूर्वी कधीतरी इथे गुडघे फोडून घेतलेले खेळाडू आले. मी फाटकात उभा राहून हात चोळत होतो. बाक एकही रिकामं राहणार नव्हतं. वरच्या काचेच्या खोलीत तळलेलं चीज खात पाहुणे बसले होते. त्यांचे म्होरके मिस्टर ट्रॅम्बली, उंच, गोरेपान, तपकिरी कोटातले. मी ऐटीत त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि खाली बघितलं.

नारिंगी! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं नारिंगी!

रेनकोट कुठे गेले? दुर्बीण लावली तेव्हा कळलं. त्या थंडीत बाकांचा पत्रा बर्फासारखा गार पडला होता. समोर हिरव्या प्लॅस्टिकची जाडजूड घडी ठेवलेली. आमच्या इकडचा माणूस काय करेल? त्याने ती बुडाखाली घेतली! सात हजार माणसं माझ्या कॉलेजच्या रंगावर आरामात बसली होती, हार्लनसाठी राखलेला कोपरा तेवढा रिकामा होता!

तेवढ्यात हार्लन आला. दिलेला शब्द पाळून, अर्धं गाव घेऊन, थेट जंगलातून, कपडे न बदलता. आणि विस्कॉन्सिनचा कायदा काय सांगतो? शिकाऱ्याने भडक नारिंगी कोट घातलाच पाहिजे, नाहीतर दुसरा शिकारी हरीण समजून गोळी घालायचा! झालं. आमची स्वतःची, पिढ्यान्‌पिढ्या हिरव्या रक्ताची दोन हजार माणसं नारिंगी कोट घालून ओळीने आत आली, वर बघून त्यांनी मला हात हलवला आणि ती रेनकोटवर बसली.

"अबब!" मिस्टर ट्रॅम्बली म्हणाले. "ही सगळी होल्मविकची माणसं?"

"नाही हो! ती तिकडची आमची आहेत, शिकारीहून आलीत!" मी ओरडलो.

त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. माझ्या दंडावर थोपटलं आणि शेजारी बसलेल्या आपल्या सहकारी बाईंना म्हणाले, "परक्या मैदानावर एवढी माणसं आणणारं कॉलेज मी आयुष्यात बघितलं नाही."

डॉक्टर अ‍ॅक्टरबर्ग पाहुण्यांच्या पलीकडेच बसल्या होत्या. त्यांनी चीजचा एक तुकडा उचलला आणि परत बशीत ठेवला. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

खेळ मात्र काय झाला! आमची पोरं जिवावर उदार होऊन खेळली आणि शेवटच्या मिनिटाला जिंकली. बघा ना नशीब, सामना आम्ही जिंकला! पोरांनी कंदील डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, आणि तेव्हा एक गोष्ट झाली. नारिंगीवाले उठून गेलेच नाहीत. सगळे उभे राहिले, आमचे, त्यांचे, शिकारी, म्हातारे, आणि त्या गंजक्या डबड्यासाठी टाळ्या वाजवत राहिले. टाळ्या थांबेचनात. खाली पार्किंगमध्ये व्हर्ना पातेलं घेऊन उभी होती. मी चमचा तोंडात घातला आणि "मीठ जास्त झालंय!" म्हटलं. ती म्हणाली, "तुझी जीभच कुजलीय!" पण डोळे पुसत म्हणाली, त्यामुळे त्यात नेहमीची मजा नव्हती.

पुढल्या आठवड्यात निकाल लागला. होल्मविक आत, आम्ही बाहेर. आमच्या पोरांनी आपापली हेल्मेटं कपाटात ठेवली आणि मिळेल त्या कॉलेजची वाट धरली. बँडचा ढोल कुणीतरी नेला. मी आता कॉलेजच्या नाटकांची तिकिटं विकतो. नाटकाला तीस माणसं येतात आणि खुर्च्यांना गाद्या आहेत, रेनकोटची गरज पडत नाही.

होल्मविकचं तरी भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. त्यांचे सामने आता कुठल्याकुठे, पार वाळवंटातल्या गावांत होतात, तेही टीव्हीवाले सांगतील त्या वेळी. एकदा व्हर्नाला फोनवर विचारलं, "काय गं, जिंकलात का काल?"

"मला काय माहीत? तो खेळ सुरू होतो तेव्हा मी दात काढून पेल्यात ठेवलेले असतात."

यावर मला काही टोमणा सुचेना. तिलाही सुचेना. "बरं मग" म्हणून आम्ही फोन ठेवले. त्यानंतर फोन करायला काही कारणच पडलं नाही.

पुन्हा नोव्हेंबर आला. तोच शनिवार. जंगलात बंदुका वाजत होत्या, गाव रिकामं होतं. मी उगाचच मैदानाकडे गेलो. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, कुणी परत मागितली नाही. फाटकापाशी एक जुनी गाडी उभी होती आणि गाडीच्या टपाएवढं नारिंगी जाकीट घातलेली व्हर्ना पातेल्याला टॉवेल गुंडाळत होती.

"आज खेळ नाहीये गं," मी म्हणालो.

"मला कळतं तेवढं. दार उघड."

मी कपाटातून कंदील आणला. आम्ही पहिल्याच बाकावर बसलो. नऊ हजार बाकं आणि आम्ही दोघं. तिने पिशवीतून मागल्या वर्षीचे दोन हिरवे रेनकोट काढले, एक माझ्याखाली सारला, एक स्वतःखाली घेतला. कंदील मध्ये ठेवला.

"हा यंदा आमच्याकडे द्या," ती म्हणाली. "बघून बघून कंटाळला असाल."

"जिंका आणि न्या की!"

"कुणाशी खेळून?"

समोर मैदानात गवत गुडघाभर वाढलं होतं आणि गोलपोस्ट काढून नेलेले होते. व्हर्नाने वाटीत चिली वाढली. मी चमचा तोंडात घातला. गरम होती, आईच्या हातच्यासारखी होती. काय होतंय ते मला कळायच्या आत मी बोलून गेलो, "छान झालीय गं."

व्हर्ना माझ्याकडे बघतच राहिली. "असं नको रे बोलूस, लायल," ती म्हणाली. "सगळं संपल्यासारखं वाटतं." आणि ती बाई, जी नवऱ्याच्या मयताला रडली नव्हती, त्या रिकाम्या मैदानात हमसून हमसून रडायला लागली.

मी घाबरलो! घाईघाईने दुसरा चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "मीठ जास्त झालंय! खारट! नुसती खारट!"

तिने बुडाखालचा रेनकोट ओढून त्याला डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्या हातातली वाटी खसकन ओढून घेतली.

"गाढवा," ती म्हणाली, "मीठ घालायचंच विसरलेय मी."