आधी धडा करा

दवाखान्यातून आलेलं पत्र बायकोने दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग समोर बसलेल्या नवऱ्याच्या ताटातला पाव उचलून परत डब्यात ठेवला.

"अगं, अर्धा खाल्लाय मी तो!"

"अर्धाच खाल्लात ते नशीब समजा. कालच तुम्ही सांगितलंत, वजन साडेसत्त्याहत्तर. यांना चौऱ्याहत्तरच्या आत हवंय. महिन्याभरात."

नवरा म्हणजे छावणीच्या शिधाकोठीचा हवालदार. सगळी छावणी त्याला मापारी म्हणायची. बावीस वर्षं तो तांदूळ, पीठ, तेल, बटाटे तोलत आला होता, आणि त्याच्या हातून ना कुणाला चिमूटभर कमी गेलं, ना चिमूटभर जास्त. तोलण्याआधी तो एकच प्रश्न विचारायचा, "धडा केला का?" रिकाम्या डब्याचं किंवा पोत्याचं वजन आधी काट्यावर जुळवून शून्य करायचं आणि मगच माल घालायचा, याला तोलणाऱ्यांच्या भाषेत धडा करणं म्हणतात. मापारी धडा केल्याशिवाय घरात साखरसुद्धा मोजू द्यायचा नाही. त्याच्या उजव्या खिशात पितळेचं दोनशे ग्रॅमचं वजन कायम असायचं. काट्यावर संशय आला की ते टाकून बघायचं. मनात धाकधूक असली की तो ते नुसतं कुरवाळायचा.

आठ महिन्यांपूर्वी ट्रकमधून कोठीचा मोठा काटा उतरवताना दोर सुटला. शहाण्या माणसाने उडी मारून बाजूला व्हायला हवं होतं. मापारीनेही उडी मारली, पण काट्याच्या दिशेने. काटा वाचला, उजवा गुडघा कामातून गेला. दोनदा चिरफाड झाली, मांडीपासून पोटरीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा जाडजूड सांगाडा चढला, आणि 'सेवेत झालेल्या दुखापतीमुळे निवृत्त' असा शेरा मारून त्याला सन्मानाने घरी पाठवायचं ठरलं. आता फक्त एक शेवटची तपासणी उरली होती. आणि पत्रात लिहिलं होतं की शेवटच्या दिवसापर्यंत सैनिक हा सैनिक असतो, सबब उंचीप्रमाणे वजन मर्यादेत हवं. नसेल तर फाइल वैद्यकीय मंडळाकडून दुसऱ्या खात्याकडे जाईल आणि शेरा पडेल, 'अतिरिक्त वजनामुळे सेवेस अपात्र'.

"म्हणजे बावीस वर्षं वजनात खोट येऊ दिली नाही," मापारी म्हणाला, "आणि जाताना काय, तर वजनात खोट म्हणून हाकलला!" त्याला ते खरोखरच लागलं होतं.

"कोण हाकलतोय तेच बघते," बायको म्हणाली आणि डब्याला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर हजर राहण्याचा हुकूम आला. जास्त वजनाच्या लोकांना कवायत मास्तर पळवणार होता. मापारी काठी टेकत पोचला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढे केली.

"धावू नये," मास्तरने वाचलं. "मग वजन कसं उतरणार?"

"ते तुम्हीच सांगा."

"धाव. दुसरं काय!"

"धावता येत असतं तर मला कशाला काढलं असतं?"

"कशासाठी काढतायत तुला?"

"धावता येत नाही म्हणून."

मास्तर विचारात पडला. विचार करणं हे त्याचं रोजचं काम नव्हतं. "असं कर," तो शेवटी म्हणाला, "आधी धावून वजन उतरव. म्हणजे तुला धावता येत नाही म्हणून काढता येईल." एवढा तोडगा काढल्यावर त्याने समाधानाने शिट्टी वाजवली आणि मापारीला मैदानाच्या कडेला उभं राहून दोन्ही हात वरखाली करायला लावलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ कावळे हाकलतोय.

घरी बायकोने काकडी आणि उकडलेल्या भोपळ्याचं राज्य सुरू केलं. मापारीने ते निमूट सोसलं असतं, पण त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. जावयाचा गुडघा मोडल्याचं ऐकून त्या यायच्याच होत्या, आणि येताना लोण्याचा डबा घेऊन आल्या. हाड आणि लोणी यांचं नातं त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि डॉक्टर लोकांना ते कळत नाही हेही ठाऊक होतं.

"जावईबापू, एवढं घ्या," लेक आंघोळीला गेली की त्या कुजबुजायच्या.

"आई, वजन..."

"गुडघ्याला लावतोय असं समजा. फक्त आतून."

जावयाने सासूला नाही म्हणायचं कसं? मापारी डोळे मिटून गिळायचा, आणि मग पापाचं प्रायश्चित्त म्हणून दुपारी कोठीत दुप्पट वेळ कावळे हाकलायचा.

रोज संध्याकाळी तो कोठीतल्या मोठ्या काट्यावर चढायचा. त्याआधी अर्थातच धडा. सरकारने उजव्या गुडघ्यासाठी मागवलेला सांगाडा जोडीनेच पाठवला होता, कारण मागणीपत्रात 'जोडी' हा एकच शब्द छापलेला होता. डावा सांगाडा खोक्यात बसून कोठीच्या फळीवर पडला होता. मापारीने तो तोलला होता, दोन किलो चारशे. तेवढा धडा करायचा, खिशातलं पितळी वजन काढून टेबलावर ठेवायचं आणि मग काट्यावर उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात सत्त्याहत्तर. मग लोण्याच्या कृपेने पुन्हा सत्त्याहत्तर तीनशे. शेवटी एका सकाळी बायको आंघोळीहून लवकर बाहेर आली आणि आईच्या हातातला चमचा नवऱ्याच्या तोंडाजवळ थांबलेला तिने पाहिला. त्यानंतर माय-लेकींत काय बोलणं झालं ते मापारीने सांगितलं नाही, पण लोण्याचा डबा शेजारी गेला आणि काटा भराभर खाली येऊ लागला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्र्याहत्तर किलो नऊशे. मापारीने काट्यालाच नमस्कार केला.

दवाखान्यातल्या वजनखोलीत एक चष्मेवाला कारकून होता. बारीक, नीटनेटका आणि नियमांवर अतोनात प्रेम करणारा. त्याच्या काट्याला पारडं नव्हतं, दांडी नव्हती. नुसता काळा चौकोन आणि लाल आकडे.

"फक्त बनियन आणि अर्धी चड्डी. चढा," कारकून म्हणाला.

मापारीने चड्डीच्या खिशावर हात फिरवला, मनाला धीर दिला आणि चढला. लाल आकडे थरथरले आणि थांबले. साडेशहात्तर.

"जास्त," कारकून म्हणाला आणि पेन उचललं.

"थांबा, थांबा! हा सांगाडा आहे ना पायात!"

"काढा मग."

"उभं असताना काढायचा नाही. डॉक्टरबाईंचाच हुकूम आहे. फाइलीत बघा."

कारकुनाने बघितलं. हुकूम होता. "मग नका काढू."

"मग बसून घ्या वजन."

"बसून घेतलेलं वजन चालत नाही."

"मग सांगाड्याचं वजन वजा करा!"

"वजाबाकीला फॉर्मात जागा नाही. एकच चौकट आहे. काट्यावर येतो तो आकडा आपण चौकटीत लिहितो." त्याने 'सात' लिहिला. पुढचा 'सहा' लिहायला पेन वळलं.

महिन्याभराची काकडी, भोपळा आणि हाकललेले सगळे कावळे मापारीच्या डोळ्यांपुढून गेले. बावीस वर्षांचा तोलणारा त्याच्या आतून उसळून उठला. त्याने टेबलावर मूठ आपटली.

"ते काही नाही! आधी धडा! धडा केल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

कारकून शहरात वाढला होता. धडा हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक होता आणि भांडणांमुळे. समोर सहा फुटी, लोखंडी पायाचा माणूस नुसत्या बनियनमध्ये उभा राहून टेबलावर मूठ आपटत होता आणि हातात पाठ्यपुस्तक तर दिसत नव्हतं. तो खुर्चीसकट मागे सरकला, दाराबाहेर गेला आणि तिथूनच तक्रार लिहिली: 'सदर हवालदाराने अधोस्वाक्षरीकारास धडा शिकवण्याची धमकी दिली.'

आता प्रकरण वजनाचं राहिलं नाही, शिस्तीचं झालं. तिसऱ्या दिवशी मापारीला कर्नलसाहेबांपुढे उभं केलं. एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला कारकून. घरून निघताना बायकोने शर्टाची गुंडी लावून देत एवढंच म्हटलं होतं, "खरं ते बोला. आवाज चढवू नका." आणि मग हळूच, "पण अगदीच खालीही ठेवू नका."

"मापारी," कर्नलसाहेब तक्रारीवर बोट ठेवून म्हणाले, "बावीस वर्षांत तुमच्यावर एक शेरा नाही. आणि जाता जाता कारकुनाला धडा शिकवायला निघालात?"

"नाही साहेब. मी धडा करा म्हणालो."

"काय फरक पडतो?"

"दोन किलो चारशेचा पडतो, साहेब."

कर्नलसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मापारीने दाराबाहेर ठेवलेलं खोकं आत आणलं, डावा सांगाडा काढून टेबलावर ठेवला आणि धडा म्हणजे काय ते सांगितलं. तेलाच्या डब्यापासून सुरुवात केली.

"कोठीत एक पाटी आहे साहेब. 'तोलताना बारदान मालात धरू नये.' खाली तुमची सही आहे."

"ती पाटी पोत्यांसाठी आहे. तुम्ही काय पोतं आहात?"

"नाही साहेब. पण पायातला हा सांगाडा मी नाही. याच्यावर नंबर कोरलाय. माझ्या नावावर उसना दिलाय, बरा झालो की परत करायचाय. नाही केला तर मला पकडतील. आता जी वस्तू सरकारची, तिचं वजनही सरकारचंच ना? ते माझ्या अंगाला कसं चिकटवता?"

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"चला," कर्नलसाहेब उठले. "वजनखोलीत."

वरात निघाली. पुढे कर्नलसाहेब, मागे डॉक्टरबाई, मग खोकं पोटाशी धरलेला कारकून, आणि शेवटी काठी टेकत मापारी. वाटेत मैदानावरून कवायत मास्तरने पाहिलं आणि सगळ्यांचं धावणं थांबवून तोही मागे आला.

"या काट्याला हे एक बटण आहे," मापारी कारकुनाला म्हणाला. "कशासाठी आहे?"

"ठाऊक नाही. दाबायचं नाही असं आधीच्या कारकुनाने सांगितलंय."

"सांगाडा ठेवा. आता दाबा."

कारकुनाने बोटाच्या टोकाने, फुटेल की काय अशा भीतीने, बटण दाबलं. दोन किलो चारशेचं शून्य झालं.

"झाला धडा. आता सांगाडा उचला." आणि मापारी बनियन-चड्डीवर काट्यावर चढला. आकडे थरथरले. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

चौऱ्याहत्तर किलो शंभर.

"शंभर ग्रॅम जास्त," कारकून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मापारीचा चेहरा उतरला. कोठीतल्या काट्यावर त्र्याहत्तर नऊशे आणि इथे चौऱ्याहत्तर शंभर? काटा चुकीचा की आपण? दोन दिवस तर काकडीही नीट गेली नव्हती. सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला. काट्यावर संशय आला की काय करायचं, हे त्या हाताला ठाऊक होतं. पितळी वजन बोटांना लागलं आणि मापारी एकदम थिजला. मग त्याचा चेहरा असा काही फुलला की कर्नलसाहेब दोन पावलं पुढे आले.

"साहेब," तो म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा धडा चुकला."

त्याने वजन काढून कारकुनाच्या तळहातावर ठेवलं. आकडे सरकले. त्र्याहत्तर किलो नऊशे.

पहिली टाळी कवायत मास्तरची होती. त्याला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण कुणीतरी जिंकलंय एवढं कळलं होतं. मग डॉक्टरबाई मोकळेपणाने हसल्या, आणि कारकुनाने पितळी वजन मुठीत घट्ट धरून चौकटीत आकडा लिहिला, अगदी सुवाच्य.

तक्रार मात्र रीतसर निकालात काढायलाच हवी होती. कर्नलसाहेबांनी तिथेच उभ्या उभ्या ती टेबलावर ठेवली आणि शेरा लिहिला. मग कारकुनाला मोठ्याने वाचायला सांगितला. कारकुनाने घसा साफ केला.

"'तक्रार खरी आहे. हवालदाराने धडा शिकवला. यापुढे दवाखान्यात सर्वांनी तसाच करावा.'"

संध्याकाळी बायकोने निवृत्तीचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. 'सेवेत झालेल्या दुखापतीमुळे' या शब्दांवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग तिने कुलूप काढलं आणि डब्यातला ताजा पाव नवऱ्याच्या ताटात ठेवला. सासूबाई तेवढ्यात शेजारी जाऊन आल्या होत्या.

"जावईबापू, आता तर घ्याल?" त्यांनी लोण्याचा डबा उघडला. "केवढं घालू?"

"घाला हो आई," मापारी ताट पुढे करून म्हणाला. "आज मोजायचं नाही."