साळवे सरांचं मीठ

साळवे सर वर्गात ॲसिड आणि कॉस्टिक सोडा एकत्र करत आणि त्यातून निघालेलं मीठ मधल्या सुट्टीत पेरूवर टाकून खात. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. टेबलं शेजारी-शेजारी.

प्रयोग ते दोनदा करत. पहिल्यांदा सोड्याचं पाणी दर्शकाच्या दोन थेंबांनी गुलाबी करायचं आणि वरच्या नळीतून ॲसिड सोडायचं. "थेंबा-थेंबानं. घाई न्हाई," हे पालुपद. गुलाबी रंग गेला की नळीवरचा आकडा फळ्यावर. दुसऱ्यांदा तेच माप, पण रंगाशिवाय. "रंग पोटात गेला तर मास्तरला शिकवता शिकवता पळावं लागंल," म्हणत. पोरं खिदळायची.

"सांगा, ॲसिड कुठं गेलं?"

"पळून गेलं, सर!" पहिल्या बाकावरची सुमन ओरडायची.

"आन् सोडा?"

"त्याच्या मागं!"

"कुणीबी पळालं न्हाई. दोघांनीबी ताठा सोडला. राहिलं मीठ आन् पाणी."

मग चिनीमातीच्या वाटीत ते पाणी आटवायचं. चव फक्त सर घेत. पोरांच्या जिभेला कण लागू देत नसत. "आधी मास्तर मरू दे, मग बघू."

एस.टी.त चढतानाही त्यांचं थेंबा-थेंबानंच. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, सर बाजूला उभे. गाडी निघून जायची. आठवड्यातून एकदा तरी ते शाळेत पायी यायचे, धुळीनं पांढरे.

सुट्टीत चाकूनं पेरूच्या चार फोडी, वर मीठ, आणि कागद माझ्यापुढे. "घ्या, सर."

"आज उपास आहे."

सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. एकदा म्हणाले, "पेरू चालतो की उपासाला."

"मीठ चालत नाही."

"तुमचे उपास लय कडक, सर."

त्याच दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत भजी खाताना त्यांनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी फोडी पुन्हा पुढे.

खरं कारण आज लिहितो. साळवे सर दलित होते. त्यांच्या हातचं खायचं नाही, असं माझ्या घरचं वळण होतं, आणि ते मोडायची माझी छाती नव्हती. सुट्टीत त्यांच्या फोडी कुणीच घेत नसे. चारही ते एकटेच खात.

मग विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. गावात माणसं एकमेकांच्या दारावरून जाईनाशी झाली. शाळा कमिटीचे अध्यक्ष एक अर्ज घेऊन आले: साळवे मुलांना ॲसिड पाजतात.

मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही शेजारी बसता. साक्षीला सही करा."

"मी पाजताना पाहिलेलं नाही."

"मग न पाजताना पाहिलंय का?"

पाहिलं होतं. त्यांच्या वर्गाच्या दारात उभा राहून कितीदा तरी. मी सही केली.

सरांची बदली संस्थेच्या पाथरीकडच्या शाळेत झाली. तिथं प्रयोगशाळा नव्हती. अर्जाची नक्कल त्यांच्या हातात दिली तेव्हा मी समोरच वह्या तपासत होतो. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली.

"सही सुरेख हाय तुमची, सर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल रिकामं होतं. माझ्या टेबलावर एक पेरू होता. अख्खा, देठाला पान तसंच. खाली चिठ्ठी, फळ्यावरच्याच वळणदार अक्षरात: 'मीठ नाही. चाकू लावलेला नाही. उपासाला चालेल.'

त्या दिवशी माझा उपास नव्हता. तसा तो कधीच नव्हता, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घंटा व्हायला वेळ होता. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि तो पेरू खाल्ला.

मीठ हवं होतं.