थांबण्याची परवानगी

उल्का सबनीसच्या लॅपटॉपमधल्या डब्यांनी, त्यांच्यात नव्याने राहायला आलेल्या कोडला एकही वायर जोडू द्यायची नाही, असा ठराव मंगळवारी सकाळी एकमताने मंजूर केला.

उल्का तेव्हा दात घासत होती. टेबलावरच्या लॅपटॉपमधून डब्यांच्या अध्यक्षांनी हाक मारली, "मॅडम, जरा येता का? निर्णय कळवायचा होता." तिने चूळ भरली, टी-शर्टलाच हात पुसले आणि आली. डब्यांच्या मीटिंगा तिला नवीन नव्हत्या. मागच्या दिवाळीत एका साबणाच्या जाहिरातीसाठी तिने त्यांना बुडबुड्यांचा आवाज काढायला लावला, तेव्हा त्यांनी आठवडाभर काळ्या फिती लावून काम केलं होतं. काम मात्र चोख केलं, हेही खरं.

सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत बसून उल्का लोकांना लागतील ते आवाज तयार करून देते. त्यासाठी ती जे सॉफ्टवेअर वापरते, त्यात लिहायचं काही नसतं. स्क्रीनवर डबे मांडायचे आणि या डब्यातून त्या डब्यात वायर ओढायची, बस. प्रत्येक डब्याला एकच काम. सगळ्यांत वर घड्याळाचा डबा, तो ठोका देतो. त्याच्याखाली तंबोऱ्याच्या तारांचे चार डबे: पंचम, दोन जोड आणि खर्ज. ठोका आला की आपापली तार छेडायची आणि आवाज खाली द्यायचा. तळाशी शेवटचा डबा, तिथून आवाज स्पीकरला जातो. सगळ्यांचं सगळं त्याच्याच हातून बाहेर पडतं, म्हणून तो अध्यक्ष. निवडणूक होते, पण उभं कुणी राहत नाही.

याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक प्रकारचा डबा ठेवता येतो. त्याच्या आत वायरी नसतात, ओळी असतात. आपल्याला हवं ते त्यात लिहायचं, म्हणजे कोड. उल्काने सोमवारी असा एक डबा आणून घड्याळाशेजारी ठेवला होता. रात्रभर कुणी त्याच्याशी बोललं नाही.

"आमचा राग व्यक्तीवर नाही," अध्यक्ष म्हणाले. "मुलगा शांत आहे. पण आमच्याकडे कोण कुणाला काय देतं ते वायरीवर उघड दिसतं. याच्या दाराआड काय शिजतंय ते कळायला मार्ग नाही."

"आणि याची एक ओळ बिघडली की हा सगळाच्या सगळा तोंड मिटून बसतो," घड्याळाचा डबा म्हणाला. "आमच्यात एकाची वायर निसटली तरी बाकीचे काम सोडत नाहीत. शिवाय याला माझ्याच वायरीत का घुसवताय, ते कळलं नाही. ठोक्याबद्दल काही तक्रार आहे का?"

"ठोक्याबद्दल काही तक्रार नाही हो," उल्का म्हणाली.

"नसणारच. आजवर एकही चुकलेला नाही."

खरं तर तीच तक्रार होती. पण घड्याळाच्या डब्याला तोंडावर कसं सांगणार?

उल्का दहावीपर्यंत शरयूआत्याकडे वाढली. वडिलांच्या सारख्या बदल्या, त्यामुळे पोरीची शाळा नको बुडायला म्हणून आत्याने ठेवून घेतलं. आत्या गायची. फार नाव झालं नाही, पण गुरुवारी दत्ताच्या देवळात तिचं गाणं असलं की लोक चपला सांभाळायची पर्वा न करता आत जाऊन बसत. मागे तंबोऱ्यावर आतोबा. पाटबंधारे खात्यात कारकून, गाण्यातलं काही कळतं असा त्यांचा स्वतःचाही दावा नव्हता. डोळे मिटून वाजवत बसायचे. आत्या सगळ्यांना सांगायची, "हे माझ्यामागे बसून डुलक्या काढतात. फुकट झोप मिळते म्हणून येतात." आतोबा हसायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे.

मागच्या पावसाळ्यात आतोबा गेले. त्याच महिन्यात तंबोऱ्याचा भोपळा तडकला. आत्याने बरेच प्रयत्न केले, नाही असं नाही. तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी आणली. ती लावून गायला बसली की दोन ओळींत थांबायची. "ही पुढे पळते," म्हणायची. कॉलेजातली एक मुलगी दुसरा तंबोरा घेऊन आली, चांगली वाजवायची. तीही आत्याला पुढे पळाल्यासारखी वाटली. मग उल्का बसली, तर आत्या म्हणाली, "तू नको. तुझे पाय अवघडले असतील, या काळजीत मला सूर सापडत नाही." मग आत्याने गाणं सोडलं. आता त्या घरात कुकरची शिट्टी आणि टीव्ही, एवढेच आवाज.

शेवटी आत्यानेच फोनवर सांगितलं होतं. "रविवारी संध्याकाळी तुझ्याकडे येते. तुझ्या त्या मशीनवर एकदा गाऊन बघते. नाही जमलं तर गाणं हा विषय संपला. परत तूही काढायचा नाहीस."

आता उल्काकडे त्या तंबोऱ्याच्या चारही तारा होत्या. आतोबा असतानाच तिने एकेक तार ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, तेच हे चार डबे. जुन्या कॅसेटीही होत्या. त्या ऐकताना तिच्या लक्षात आलं की आत्या श्वास घ्यायला थांबली की आतोबांची पुढची तार किंचित उशिरा येते. दर वेळी. आत्याचा सूर परत लागला की मगच आतोबांचं बोट हलायचं. तिने आत्याला विचारलंही, "आतोबा तुझ्यासाठी थांबायचे का गं?"

"ते कशाला थांबतील? त्यांना जाग कुठे असायची?" आत्या म्हणाली.

तर हे थांबणं डब्यांना शिकवायचं होतं. उल्काने आधी ते वायरींनीच करून पाहिलं. एक डबा ऐकायला, एक तुलना करायला, एक लक्षात ठेवायला, आणि सगळ्यांच्या वायरी एकमेकांत. स्क्रीनचं शेवयांचं पातेलं झालं. घड्याळाच्या डब्याला घेरी आली, खर्ज पंचमाच्या अंगावर पडला. तेच काम कोडमध्ये चार-पाच ओळींचं होतं. म्हणून कोड आला होता, आणि त्याला वायर मिळत नव्हती.

"अध्यक्ष," उल्का म्हणाली, "तुम्हाला आत काय आहे ते दिसत नाही ना? मग तो वाचून दाखवेल. विशेष सभा बोलवा."

विशेष सभेला दोन दिवसांची नोटीस लागते. गुरुवारी सकाळी सभा भरली. कोड उभा राहिला. बोलायची त्याची रीत अशी की वरून खाली, एक ओळ संपल्याशिवाय दुसरी नाही.

"बाईंचा आवाज ऐकत राहा," तो वाचू लागला. "आवाज चालू असेल तर ठोका जाऊ दे. आवाज थांबला तर ठोका धरून ठेव. आवाज परत आला की ठोका सोड. पहिल्या ओळीवर जा."

"संपलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"संपत नाही. पहिल्या ओळीवर जातो."

सभेत जरा कुजबुज झाली. एवढंच असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"म्हणजे माझा ठोका हा अडवणार," घड्याळाचा डबा म्हणाला. "कारण काय, तर बाईंना श्वास घ्यायचाय. श्वास सगळेच घेतात. उद्या कुणी शिंकलं तर थांबायचं का?"

"बाई शिंकल्या तर थांबेन," कोड म्हणाला.

तेव्हा खर्जाचा डबा बोलला. तो कधी बोलत नसे, आणि बोलला की सगळ्या स्क्रीनला ऐकू जाई. "मी त्या तंबोऱ्यातून आलोय," तो म्हणाला. "मला ते बोट माहीत आहे. ते माझ्यावर टेकून थांबायचं. मला तेव्हा वाटायचं, विसरले की काय. हा म्हणतो तसंच असणार ते."

अध्यक्षांनी बराच विचार केला. मग व्यवहाराचा प्रश्न काढला. "समजा, बाई पाणी प्यायला उठल्या, मग तुमचं थांबणं किती वेळ चालणार? स्पीकरवर शांतता गेली की लोक मला बोलतात. मर्यादा घाला."

उल्काने मर्यादा घातली. 'एका लांब श्वासापेक्षा जास्त थांबू नये, मग ठोका सोडून द्यावा,' अशी ओळ कोडमध्ये वाढवली. तिला ती पटली नव्हती, पण रविवार तोंडावर आला होता. कोडला रविवार संध्याकाळपुरती तात्पुरती वायर मंजूर झाली. घड्याळाच्या डब्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला.

रविवारी आत्या आली ती खांद्यावर कापडी पिशवी घेऊन. चहा नको म्हणाली. टेबलाशी खुर्चीत बसून गायला जमेना म्हणून उल्काने खाली सतरंजी घातली, लॅपटॉप आत्याच्या डाव्या हाताला, जरा मागे ठेवला, आणि माइक पुढे.

"यात कोण कोण आहेत?" आत्याने विचारलं.

उल्काने ओळख करून दिली. हे घड्याळ, या चार तारा, हे अध्यक्ष, आणि हा कोड, नवीन आहे. साथीदारांना करतात तसा आत्याने प्रत्येकाला वेगळा नमस्कार केला. घड्याळाचा डबा संकोचला. त्याला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता.

आत्याने भूप लावला. आवाज आधी खरखरला, वर्षभर वापरला नव्हता ना. पहिल्या श्वासाला ती थांबली आणि कोडने ठोका धरला. ती परत सुरावर आली आणि तार वाजली. दुसऱ्या श्वासालाही तसंच. उल्का भिंतीला टेकून बसली होती, तिला आत्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू सैल झाली. बंदिशीची पहिली ओळ आली, दुसरी आली. पेटीवर गाताना आत्या इथेच थांबायची. आता ती पुढे गेली.

अंतऱ्यात वरचा सा लावून आत्या खाली उतरली आणि थांबली. श्वासापुरती नव्हे. थांबलीच. मान वळवून ती डावीकडे, मागे बघू लागली.

उल्का भिंतीपासून पुढे सरकली. ती मर्यादेची ओळ तिनेच लिहिली होती. एक लांब श्वास संपेल, ठोका सुटेल, तार आत्याच्या पुढे पळेल, आणि आत्या उठून पिशवी घेईल. मग परत कधीच नाही. उल्काने लॅपटॉपकडे हात नेला, पण तो पोचेल एवढा वेळ नव्हता.

"माझी मर्यादा संपली," कोडने स्क्रीनवर लिहिलं. "ठोका सोडला आहे."

ठोका पडला की घड्याळाच्या डब्यावर लहानसा दिवा लागतो. तो लागला नाही. तारांचे डबे वाट पाहत राहिले. अध्यक्षांनी स्पीकरवर शांतता जाऊ दिली. खोलीत पंख्याचा आवाज होता, तेवढाच.

आत्या किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिने नाकाला पदर लावला, पुढे वळून बसली.

"अहो," ती म्हणाली, "झाला माझा श्वास घेऊन. चला."

दिवा लागला. पंचम वाजला, दोन्ही जोड वाजले, आणि खर्ज असा वाजला की सतरंजीला कळला. आत्याने अंतरा परत उचलला आणि शेवटपर्यंत नेला. मध्ये कुठेही घाई केली नाही.

गाणं झालं. उल्काने पाणी आणून दिलं.

"थांबायचे गं ते माझ्यासाठी," आत्या म्हणाली. "जन्मभर मी चारचौघांत त्यांच्या झोपेची चेष्टा केली. एकदा तरी सांगायचं ना माणसाने." आणि मग ती रडली, उल्काही रडली, आणि दोघींनी चहा घेतला. "गुरुवारी परत येते गायला," आत्या म्हणाली.

चहा होईस्तोवर डब्यांनी तातडीची सभा घेतली. घड्याळाचा डबा स्वतःहून उभा राहिला.

"माझा एक ठोका चुकला," तो म्हणाला. "कोडचा दोष नाही, त्याने वेळेवर सोडला होता. मीच टाकला नाही. नोंद घ्यावी आणि शिक्षा सांगावी."

"कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण देता येत नाही. त्या बघत होत्या."

अध्यक्षांनी नोंद घेतली. शिक्षा म्हणून गुरुवारी याच वेळी घड्याळाच्या डब्याने परत हजर राहावं असं ठरलं. कोडची वायर कायम करण्यात आली. त्याची मर्यादेची ओळ काढून टाकावी, अशी सूचना खुद्द घड्याळानेच मांडली. उल्काने ती लगेच पुसली. विरोधात कुणी नव्हतं.

निघताना आत्याने पिशवीतून एक मोठी गवसणी, म्हणजे वाद्याची खोळ, काढली. लग्नानंतर आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची तिने तंबोऱ्यासाठी शिवलेली. "आणली होती, म्हटलं बघू," ती म्हणाली. लॅपटॉप बंद करून तिने तो आत सरकवला. गवसणी फारच मोठी झाली, लॅपटॉप पार तळाशी जाऊन बसला. उरलेलं कापड तिने नीट दुमडलं आणि नाडी बांधली.

"घट्ट नाही ना झाली?" तिने विचारलं.

"नाही," आतून घड्याळाचा डबा म्हणाला. "सावकाश या. आम्ही आहोत."