नाना चिंदरकरांची रांग

शांती नगरच्या तमाम सुजाण रहिवाशांना, स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या नागरिकांना आणि या विषयात ज्यांना काडीचाही रस नाही अशा सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या इमारतीत एक असा गृहस्थ राहतो, ज्याला रांगेत उभं राहायला आवडतं.

आपण बरोबर वाचलंत. चालतं असं नाही, सवय झालीय असंही नाही. आवडतं! तुम्हाआम्हाला आंबा आवडतो तसं.

गृहस्थांचं नाव नाना चिंदरकर. वय सत्तरीच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात सुपारीची डबी आणि तोंडात एकच वाक्य : "घाई कुणाला आहे?" बँकेत दोन खिडक्या असल्या, की सगळं जग आखूड रांगेकडे धावतं आणि नाना शांतपणे लांब रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. शेअर रिक्षाच्या रांगेत त्यांचा नंबर आला, की मागच्याला म्हणतात, "आप बैठो, हमको घाई नहीं है." एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. तिथे आलेला नंबर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला देत राहिले, आणि डॉक्टरांनी शटर ओढलं तेव्हा तापासकट घरी आले. ताप उतरला नव्हता, पण सावंतांच्या मुलीसाठी एक स्थळ काढून आले होते. लग्न झालंसुद्धा. जेवणाला पंगत सोडून नानांनी आग्रहाने बुफेची रांग धरली होती.

माई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, यावर म्हणतात, "यमाचा रेडा दारात आला ना, तरी हे म्हणतील, आधी त्या वरच्या मजल्यावरच्यांना घेऊन जा."

तर असे हे नाना गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देसाई, सगळ्या कुटुंबाला घेऊन थीम पार्कला जायचं ठरवलंय."

मी चहा सांडला. कारण नाना आमच्या लिफ्टमध्येसुद्धा बसत नाहीत. एकदा बसले होते, तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणाले आणि उरलेले दोन मजले जिन्याने चढले. हा माणूस आकाशात उलटा लटकवणाऱ्या पाळण्यात बसणार?

"बसायचं नंतर बघू," नाना म्हणाले. "आधी फोन लावून द्या."

मी पार्कचा नंबर लावून दिला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी होती. नानांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, आपके यहाँ सबसे लंबी लाइन कौन से पाळणे को लगती है?"

तिला वाटलं, काका घाबरलेत. "सर, डोन्ट वरी, हमारे यहाँ फास्ट पास है. लाइन में खड़ा ही नहीं रहना पड़ेगा."

नानांनी फोनकडे असं पाहिलं, की जणू त्या मुलीने भर दिवसा लाच देऊ केली. "फास्ट पास नको. मुझे ये बताओ, गर्दी कब रहती है?"

"सर, आप वीकडे पे आइए, बिलकुल खाली रहता है."

"खाली नको हो! भीड चाहिए. नाताळ की छुट्टी में, रविवार को, गर्दी गॅरंटी से रहेगी ना?"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, घर में और कोई बड़ा है क्या?" तिला बहुधा घरच्या कुणा मोठ्या माणसाशी बोलायचं होतं.

तारीख ठरली. नातेवाइकांना निरोप गेले. बदलापूरची बहीण कुसुम, तिचा मुलगा संदीप आणि त्याची बायकोमुलं लगेच हो म्हणाली. दोन चुलत पुतण्यांची कुटुंबंही तयार झाली. राहिला धाकटा भाऊ, पुण्याचा बाळू. साठी उलटली तरी घरात बाळूच. तो म्हणाला, "बघतो."

चिंदरकरांच्या घराण्यात 'बघतो' म्हणजे 'नाही'. हे मला माईंनी सांगितलं. "यांच्या वडिलांना मी लग्नात विचारलं होतं, सासूबाईंना नवं लुगडं घेणार का? म्हणाले, बघतो. त्या बिचाऱ्या जुन्यातच गेल्या."

नाना मात्र कामाला लागले. आणि इथून पुढे आमच्या सोसायटीच्या इतिहासातलं ते प्रकरण सुरू होतं, ज्याला आम्ही आजही 'तालीम' म्हणतो.

डिसेंबर उजाडला आणि एका संध्याकाळी नानांनी आम्हा शेजाऱ्यांना कंपाउंडमध्ये बोलावलं. स्कूटर बाजूला केल्या, खडूने जमिनीवर नागमोडी रेघ काढली. म्हणे, पार्कमध्ये अशाच लोखंडी कठड्यांतून रांग वळत वळत जाते, पुतण्याच्या मुलाने मोबाइलवर दाखवलंय. तर अशा रांगेत कोण कुणाच्या पुढे उभं राहणार, याची रंगीत तालीम! नातेवाईक हजर नव्हते, म्हणून त्यांच्या जागी आम्ही. तळमजल्याच्या फिलोमिनाबाई झाल्या कुसुम. जिग्नेशभाईंना संदीप केलं. मला म्हणाले, "देसाई, तुम्ही बाळू. माझ्या पुढे उभे राहा. मागे ठेवला तर पळतो."

"मेरे को खाली भांजा बनाया?" जिग्नेशभाई बिघडले. "थोडा मोठा रोल द्या ना, नाना. जमाई वगैरे."

"जावई नाहीये आमच्यात."

"मग मी आहे ने!"

माई गॅलरीतून सगळं बघत होत्या. वरून आवाज आला, "म्हातारपणी पाळण्यात बसायला निघालेत! लग्न झालं तेव्हा जत्रेतल्या चक्रात बसवा म्हटलं, तर नाही बसवलं."

नानांनी मान वर केली. "अगं, तिथे रांगच नव्हती!"

आम्ही हसत हसत खडूच्या रेघेवरून पुढे सरकलो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुसुम वळली की नाही, संदीप कुठे आहे, याकडे नानांचं लक्ष नव्हतं. ते माझ्याच पाठीला चिकटून होते आणि मधेच म्हणत होते, "हां, आता इथे वळण आलं. इथे तुम्ही मागे वळाल. तोंड माझ्याकडे होईल. इथे जरा हळू."

तालीम संपली तेव्हा फिलोमिनाबाई म्हणाल्या, "नाना, हे नाटक बरा हाय, पण खऱ्या दिवशी मी येणार न्हाय हां. नाताळात उत्तनवरून भाऊ, भावजया, पोरं, सगळी येतात. घरात पाय ठेवायला जागा नसते, वैताग नुसता!"

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. भुकेला माणूस मिठाईच्या दुकानाच्या काचेकडे बघतो तसे. मग म्हणाले, "असू दे. वैताग चांगला असतो."

नाना जिन्याने निघाले. मीही त्यांच्याबरोबर जिना धरला. पहिल्या मजल्यावर ते थांबले, कठड्याला टेकले.

"देसाई, वेड लागलंय असं वाटतंय ना माझ्याबद्दल?"

"छे, छे," मी म्हणालो. असं म्हणण्यापलीकडे शेजाऱ्याला पर्याय नसतो.

"लालबागला आमची दहा बाय बाराची खोली होती. माणसं खच्चून. घरात कोण काय बोलणार? बाळू तर तोंडच उघडायचा नाही. पण पहाटे नळावर पाणी भरायला आम्ही दोघं जायचो. बादल्या रांगेत, आम्ही बादल्यांमागे. तिथे बाळू बोलायचा. दहावीला नापास झाला, ते मला नळावर सांगितलं. शैला आवडते, तेही नळावरच. मी म्हटलं, आईला मी सांगतो, तू बादली पुढे घे." नाना हसले. "मग सगळ्यांना चांगली घरं मिळाली. नळ घरात आला आणि बाळूचं बोलणं बंद झालं."

"भांडण वगैरे?"

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं हो. भांडायला तरी माणूस फोन करतो. आमचा फोन म्हणजे, बरा आहेस? बरा आहे. ठेवतो."

सुपारीची डबी त्यांनी उघडली, आणि न खाताच बंद केली.

"शैला गेली मागच्या वर्षी. मी दिवसांना पुण्याला जाऊन राहिलो. समोरासमोर सोफ्यावर बसायचो आम्ही दोघं. मला विचारायचा, चहा घेतलास? बस, तेवढंच. रडला नाही, बोलला नाही. सोफ्यावर बसवून माणूस बोलत नाही, देसाई. त्याला रांगेत उभं करावं लागतं. पुढे जायचं असतं, मागे जाता येत नाही, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मग आपोआप सुटतं." ते पुढची पायरी चढले. "म्हटलं, आता या वयात त्याला एवढा वेळ कुठल्या रांगेत उभा करू? रेशनच्या? मग ही थीम पार्कची जाहिरात बघितली."

मी त्यांच्या मागून जिना चढत राहिलो.

ठरलेल्या रविवारी मिनीबस निघाली. एका पुतण्याच्या मुलाला कांजिण्या निघाल्या म्हणून जागा रिकाम्या झाल्या आणि त्यातल्या एका जागेवर माझी वर्णी लागली. बाळूचं अजूनही 'बघतो'च चालू होतं. घोडबंदर रोडला नानांनी दोनदा फोन करून बघितला. उचलला नाही. मग ते खिडकीतून बाहेर बघत बसले. माईंनी गुपचूप त्यांच्या हातात सुपारीचं खांड ठेवलं.

पार्कच्या दारात गर्दी अशी, की बाकीच्यांचे चेहरे उतरले आणि नानांचा फुलला. आणि त्या गर्दीत, खांद्याला शबनम अडकवून, उन्हात टोपी न घालता, एक उंच, वाळका माणूस उभा होता. नानांचंच नाक.

"आलास?" नाना म्हणाले.

"सारखे फोन करतोस. म्हटलं, एकदा येऊन टाकावं," बाळू म्हणाला. "चहा घेतलास?"

मी इमानदारीत बाळूची जागा बाळूला सोडली आणि नानांच्या मागे सरकलो.

तेवढ्यात भाचा संदीप धावत आला. आयटीतला हुशार मुलगा, प्रेमळ. हातात केशरी पट्ट्यांचा झुबका. "मामा, सरप्राईज! सगळ्यांसाठी फास्ट पास घेतले! एकाही लाइनमध्ये उभं राहायला लागणार नाही!"

सगळ्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. नानांकडे फक्त मी आणि माईंनी पाहिलं. परीक्षेच्या दिवशी पेपर रद्द झाल्यावर, रात्रंदिवस अभ्यास केलेल्या मुलाचं जे होतं, ते त्यांचं झालं होतं.

संदीप एकेकाच्या मनगटाला पट्टा बांधत आला. नानांनी हात मागे घेतला.

"माझा माईला दे. तिचा एक आहे? मग दोन दे, दोनदा बसू दे. एका चक्राचं देणं आहे माझ्याकडे."

"इश्श," माई म्हणाल्या. सत्तरीला टेकलेल्या बाईने सुना-नातवंडांसमोर 'इश्श' म्हणणं मी प्रथमच ऐकलं.

"आणि बाळूचाही राहू दे. आम्ही म्हातारे साध्या रांगेतून येतो."

"मग मी इथे बाकावर बसतो," बाळू म्हणाला.

"बाकावर बसून काय करणार? चल. उभा राहा माझ्या पुढे."

बाकीचे केशरी पट्टे भुर्रकन आत गेले. सगळ्यात मोठ्या, सगळ्यात उलट्यापालट्या पाळण्याच्या रांगेत आम्ही तिघे लागलो. पुढे बाळू, मध्ये नाना, मागे मी. लोखंडी कठडे अगदी खडूच्या रेघेसारखे वळत होते.

पहिल्या वळणापर्यंत बाळू मोबाइल बघत होता. दुसऱ्या वळणाला म्हणाला, "ऊन फार आहे." नाना म्हणाले, "हं." तिसऱ्या वळणाला म्हणाला, "आपल्या नळावर निदान पत्रा होता."

"गळका," नाना म्हणाले.

"गळका," बाळू म्हणाला, आणि मोबाइल खिशात ठेवला.

मी आकाशाकडे बघू लागलो. पण आकाशाकडे बघितल्याने कान मिटत नाहीत.

"शैलाला असल्या पाळण्यात बसायचं होतं, दादा. दरवर्षी म्हणायची. मी म्हणायचो, बघू."

रांग पुढे सरकली.

"सकाळी अजून दोन कप चहा टाकतो रे मी. दोन कप होतात आणि मग लक्षात येतं..."

आणि तो सुटला. डोकं खाली, पुढच्या माणसाच्या चपलांकडे बघत, हळू आवाजात, न थांबता. दवाखाना, तिची औषधं, तिने शेवटी मागितलेली कैरी, कपाटातल्या तिच्या साड्या. नाना फक्त "हं" म्हणत होते, आणि मधूनच धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पाऊलभर पुढे ढकलत होते. बादली पुढे घ्यावी तसे.

अखेर आम्ही दरवाज्याशी पोचलो. वर पाळणा गरगरत होता, किंकाळ्या येत होत्या. नानांनी मागे वळून कॉलेजच्या पोरांना वाट दिली. "तुम जाओ, हमको घाई नहीं." त्यांच्यामागच्या कुटुंबाला वाट दिली. मग एका नवविवाहित जोडप्याला. मग शाळेच्या अख्ख्या सहलीला. पाळणा भरत होता, सुटत होता, रिकामा होत होता, आणि आम्ही तिघे कठड्याला चिकटून तिथेच.

शेवटी दारावरची मुलगी वैतागली. कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, किती जणांना पुढे सोडताय? तुम्हाला बसायचंय की नाही?"

आणि मुळातच हळू बोलणारे, लिफ्टला भिणारे आमचे नाना चिंदरकर सगळ्या पार्कला ऐकू जाईल असे ओरडले, "अहो, बसायचंय कुणाला? बाळू बोलतोय ना अजून!"