याकोब कंपाउंडरचे डोस

माझ्या आईनं एकदा देवाचं वचन पाण्याबरोबर गिळलं होतं.

चूक तिची नव्हती. अंगात फणफणून ताप होता, डोळे उघडत नव्हते, आणि याकोबकाकांनी तिच्या उशाशी दोन पुड्या ठेवल्या होत्या. एकीत तापाच्या गोळ्या आणि दुसरीत एक लाल-पिवळी कॅप्सूल. ती दिसायला औषधाचीच, पण आत औषध नव्हतं. काका ज्या दवाखान्यात कंपाउंडर होते तिथले डॉक्टर स्वतः पावडरी भरून द्यायचे. त्यामुळं तिथं रिकाम्या कॅप्सुलींचा डबा असायचा. काका त्यातल्या थोड्या पदरचे पैसे देऊन घरी आणत, पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं वचन बारीक अक्षरात कागदाच्या चिटोऱ्यावर लिहीत, त्याची सुरळी करून कॅप्सुलीत बसवत आणि आम्हा मंडळींना वाटत. "ही उघडायची आन् वाचायची," असं ते आईला बजावून गेले होते. आईला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वडील काकांना म्हणाले, "अहो, तुमची ती कॅप्सूल गिळली की हिनं!"

काकांनी आईची नाडी धरली. मग म्हणाले, "ताप तर उतरलाय. वाचायचं औषध पोटात गेलं, इतकंच. जरा जड पडंल, पण काम करंल."

त्यानंतर कितीतरी वर्षं, आई कुणावर चिडली की वडील हळूच म्हणायचे, "ते वचन पचून संपलं वाटतं."

आम्ही तेव्हा येडशीला राहायचो. वडील रेल्वेत होते. स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची चार ख्रिस्ती घरं होती. गावात चर्च नव्हतं. रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून धाराशिवला उपासनेला जायचं, आणि जीप भरून गेली, पाऊस लागला किंवा वडिलांची ड्युटी आली की तेही राहायचं. याचा सगळ्यांत जास्त त्रास याकोबकाकांना व्हायचा. "आठवड्याला एक डोस, आन् तो बी चुकला तर?" ते म्हणायचे. "असं कुठं पेशंट बरं होतंय व्हय?"

म्हणून त्यांनी स्वतःच घरोघरी फिरती सुरू केली. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की सायकलवरून यायचे. पांढरा शर्ट, त्याला स्पिरिटचा वास, हँडलला कापडी पिशवी. दारातूनच आवाज द्यायचे, "सलाम! पेशंट कसे हैत?"

पेशंट म्हणजे आमचं अख्खं घर. वडीलसुद्धा.

आम्हा पोरांना ओळीनं उभं करून ते जीभ बाहेर काढायला लावत. बॅटरी मारून खूप गंभीरपणे बघत आणि विचारत, "आज ह्या जिभेनं कुणाला शिवी दिली?" त्या उजेडात खोटं बोलायची आमची हिंमत होत नसे. माझा धाकटा भाऊ तर जीभ बाहेर ठेवूनच सगळं कबूल करायचा, त्यामुळं त्याचे निम्मे गुन्हे कुणाला कळायचेच नाहीत. मग काका औषध सांगत. "बहिणीशी गोड बोलायचं. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. झेपंल तेवढंच."

हे "झेपंल तेवढंच" त्यांच्या तोंडात सतत असायचं. प्रार्थनेलाही तेच. पोरं चुळबुळायला लागली की काका मध्येच "आमेन" म्हणून मोकळे व्हायचे. कुणाला झोप आली तर त्याला झोपू द्यायचे. "पाळकसाहेबांची प्रार्थना म्हंजे सलाईन," ते सांगत. "थेंब थेंब, थेंब थेंब. आमची म्हंजे इंजेक्शन. टोचलं की झालं."

ही सलाईनची गोष्ट कुणीतरी धाराशिवला पोचवली. ते पाळकसाहेब, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू, एका संध्याकाळी मुद्दाम येडशीला आले आणि आमच्या घरची प्रार्थना बघत बसले. शेवटी म्हणाले, "याकोबराव, तुमची तळमळ कळते. पण वचनाची थट्टा होऊ नये."

"साहेब, पोरांच्या कडू गोळीला वरनं साखर लावत्यात की," काका म्हणाले. पाळकसाहेब हसले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

गोष्टी सांगायला काकांना पुस्तक लागत नसे. दवाखान्यातलं सामान पुरायचं. रबरी शेकायची पिशवी हा देवाचं न ऐकणाऱ्या माणसाला गिळणारा बायबलमधला मोठा मासा. त्याच्या तोंडातून तो माणूस, म्हणजे काडेपेटीतली काडी, आत जायची आणि पश्चात्ताप झाल्यावर बाहेर यायची. इंजेक्शनची रिकामी खोकी परातीतल्या पाण्यात सोडून त्यांनी जलप्रलय केला, तेव्हा आईला पुढं तासभर फरशी पुसावी लागली. सगळ्यांत गाजलं ते कापसाचं मेंढरू. बोटाएवढं, काडीचे पाय, शाईचे डोळे. काका ते घरात कुठंतरी लपवायचे, आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायच्या आधी ते घरातल्या प्रत्येकानं शोधायचं, असा नियम होता.

एकदा ते काही केल्या सापडेना. वडील कंदील घेऊन खाटेखाली शिरले. आईनं पिठाचा डबा उपसला. गडबड ऐकून शेजारच्या फातिमाखाला दारात आल्या. "क्या हरवलं हो?"

"मेंढरू!" आम्ही ओरडलो.

खाला तशाच मागच्या परसात धावल्या, आणि अंधारात "हुर्र, हुर्र" करत निम्मी गल्ली फिरून आल्या. परत येऊन म्हणाल्या, "कडब्यामागं बी बघितलं. किसीने बांध तो नहीं लिया?" तेव्हा कुठं काकांनी घाम पुसायला शर्टाच्या खिशातला रुमाल काढला, आणि त्याच्याबरोबर मेंढरू खाली पडलं. ते लपवायलाच विसरले होते. खाला आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या दिवशीची गोष्ट त्यांनीही बसून ऐकली.

आता मी धाराशिवला शाळेत शिकवते. चर्च आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण माझ्या आठवणीतली प्रार्थना अजून त्या गल्लीतलीच असते: गेलेली लाईट, कंदील, माळ्यावर पिकायला ठेवलेल्या जवळच्या रामलिंगच्या रानातल्या सीताफळांचा वास आणि स्पिरिटचा वास. काकांनी म्हातारपणी मोबाईल घेतला, तसे ते डोस त्यावर रेकॉर्ड करून पाठवायला लागले. रोज संध्याकाळी त्यांचा आवाज यायचा. "हॅलो. हॅलो. चालू हाय का हे? मंदे, पोरं बसली का?" मग एक लहानशी गोष्ट, मागं कुकरची शिट्टी किंवा गाडीचा भोंगा, आणि शेवटी घाईघाईनं आमेन, कारण फोन कसा बंद करायचा ते ऐन वेळी विसरायचं. माझी मुलं जेवताना ते लावायची. कुकरची शिट्टी आली की कुकर कुणाचा, आपला का काकांचा, यावर पैज लागायची.

हे सगळं आम्हाला मिळालं. काकांच्या स्वतःच्या मुलाला मात्र यातलं काहीच मिळालं नाही.

सुधीर आमच्यापेक्षा मोठा. त्याची आई तो शाळेत असतानाच वारली. पुढं तो वसतिगृहात राहिला, शिकला, पुण्याला नोकरीला लागला. नाताळात दोन दिवस यायचा. ते दोन दिवस काका कुणाच्याही घरी फिरकत नसत, आणि कॅप्सुलींचा डबा कपाटात जायचा. आम्हाला वाटायचं, मुलगा आलाय म्हणून सुट्टी घेतली असेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत येडशीला गेले होते. काका अंगणात बसून कॅप्सुली भरत होते. मी सहज विचारलं, "काका, सुधीरला का नाही कधी दिली ही?"

त्यांचे हात थांबले.

"घरच्या पेशंटला म्या आदी दुसरंच औषध दिलतं, मंदे," ते म्हणाले. "तवा कॅप्सुली न्हवत्या. छडी होती. वचन पाठ न्हाय तर ताट न्हाय. त्याची आई चोरून भाकरी द्यायची त्याला, चुलीमागं. मग ती पडली आजारी. म्या पोराला सांगितलं, गुडघ्यावर बस, कोर्स पूर्ण कर, एक दिस बी चुकवू नगंस. आई उठंल."

काकांनी एका चिटोऱ्याची सुरळी कॅप्सुलीत सरकवली.

"त्यानं न्हाय चुकवला. ती उठली न्हाय." काकांनी हातातली कॅप्सूल दोन्ही बाजूंनी दाबून बंद केली. "मातीवरनं आल्यावर म्हणाला, बाबा, तुमचं औषध खोटं हाय. औषध खोटं न्हवतं गं. पर हमी म्या दिली, देवाच्या नावानं. हमी द्यायचं काम कंपाउंडरचं हाय का?"

त्यांनी डबा पुढं ओढला. मग माझ्यासमोर मूठभर कॅप्सुली ठेवून म्हणाले, "जा, पोरास्नी घिऊन जा."

ह्या उन्हाळ्यात त्यांचे फोनवरचे डोस अचानक बंद झाले. दोन-तीन दिवस वाट पाहिली आणि मी फोन केला. उचलला सुधीरनं. काका सायकलवरून पडले होते. उजवा हात मोडला होता, प्लास्टर होतं. "मी आलोय, रजा टाकून," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

तरी रविवारी उपासना झाल्यावर मी गेलेच. दुपारची वेळ होती. हात गळ्यात अडकवून काका खाटेवर बसले होते. मला बघून खुलले, पण नेहमीसारखी जीभ बघायला मागितली नाही. आतल्या खोलीत सुधीर पिठलं ढवळत होता. केस पिकलेले, चष्मा वाफेनं धुरकटलेला. पाहुणीसारखं बसून राहणं मला जमेना, म्हणून मी भाकरी थापायला घेतल्या. त्यानं ताटं घेतली आणि आम्ही तिघं खाली बसलो. काकांसाठी त्यानं भाकरी पिठल्यात कुस्करून वाटीत दिली, डाव्या हातानं खाता यावी म्हणून चमचा दिला.

काकांनी चमचा उचलला आणि थेट तोंडाकडं नेला.

मी दचकले. ह्या माणसाला प्रार्थनेवाचून घास घेताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत आरडाओरडा चालू असला तरी ते डोळे मिटून बसायचे. मग माझ्या लक्षात आलं, हे सुधीरसाठी होतं. मुलासमोर ते देवाचं नावसुद्धा काढत नव्हते.

"बाबा, थांबा," सुधीर म्हणाला.

"का? झ्याक झालंय की पिठलं."

"अजून चाखलंसुद्धा नाही तुम्ही."

काका चमचा हातात धरून बसले.

"तुमचं राहिलंय," सुधीर ताटाकडं बघत म्हणाला.

"काय राहिलंय?"

"जेवणाआधीचं. रोज मोरीत जाऊन करता ना तुम्ही. नळ सोडून. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? आज मंदा आली म्हणून मोरीत जायला जमलं नाही."

काका एकदम शाळेतल्या पोरासारखे दिसायला लागले. "तुला अवघडायला हुतंय, म्हणून म्हटलं…"

"पाणी किती वाया जातं बाबा," सुधीर म्हणाला. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इथंच करत जा. मी काही डोळे मिटणार नाही. मला ते जमत नाही अजून. पण थांबेन."

काकांनी चमचा वाटीत ठेवला. एरवी त्यांच्याकडं शब्दांचा तोटा नसायचा. चार घरांतल्या प्रत्येक माणसासाठी काय मागायचं हे त्यांना तोंडपाठ असायचं. कुणाची परीक्षा, कुणाची बदली, कुणाची म्हैस. आता त्यांनी डोळे मिटले. बाहेरून एक मालगाडी गेली, सगळे डबे निघून गेले, तरी ते गप्पच.

"प्रभू," शेवटी ते म्हणाले, "पोरगं घरी हाय."

पुढं त्यांना काही सुचलं नाही. आमेनही निघेना, म्हणून ते मी म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा सुधीर तसाच बसलेला होता, ताटापासून हात मागं घेऊन, वडिलांच्या तोंडाकडं बघत. मग त्यानं वाटी उचलली, चमच्यात पिठलं-भाकरी घेतली आणि स्वतःच काकांच्या तोंडाजवळ नेली.

"खा आता," तो म्हणाला. "गार झालं."