बिरूतात्यांची चाटण वीट

मेंढरांपुढे चाटण वीट टांगण्याआधी बिरूतात्या ती स्वतः चाटून बघत. डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, लग्नघरची आमटी चाखावी तसे. मग म्हणत, "खारट हाय, मागनं जरा लोखंड लागतंय. बेस."

पारनेरच्या पठारावर त्यांची चाळीसेक मेंढरं. मी जनावरांच्या दवाखान्यातला पर्यवेक्षक, आठवड्याला एक फेरी व्हायची. गेलो की तात्या आधी माझी खालची पापणी ओढून बघायचे आणि दरवेळी "फिक्की हाय" म्हणायचे. मेंढीची पापणी आतून फिकी दिसली की पोटातले जंत रक्त पितायत असं समजायचं, हे मीच शिकवलेलं. तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. "सायेब, लई फिक्कं पडलाय, जंताचं औषध घ्या," म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं.

औषधानं जंत पडतात, पण पुन्हा झाले तर झुंजायला मेंढीच्या अंगात लोखंड, जस्त, कोबाल्ट, चिमूटभर तांबं लागतं, म्हणून मीठ आणि खनिजांची ही वीट. हेही मीच सांगितलेलं. तात्यांनी ते देवाच्या नेमासारखं पाळलं.

आषाढाच्या तोंडाला त्यांची वीट संपली. नगरहून आणतो म्हणालो आणि विसरलो. दोनदा. तिसऱ्यांदा लाज वाटली, म्हणून वाटेतल्या दुकानातून नुसत्या मिठाची वीट उचलली आणि तीच म्हणून दिली. तात्यांनी चाटली. जरा थांबले. "बेस," म्हणाले.

भाद्रपदात त्यांची चिमी गेली. हाक मारली की कळपातून धावत येणारी एकच मेंढी ती. औषध पाजलं होतं, तरी पापणी कागदासारखी पांढरी, जबड्याखाली पाणी उतरलेलं. माझ्या विटेमुळेच गेली, असं खात्रीनं सांगता येत नाही. नाही, असंही सांगता येत नाही.

दिवाळीआधी मी सगळं कबूल केलं. तात्या लोकरीतली कुसळं काढत होते, हात थांबला नाही.

"ठावं हुतं. लोखंड लागलंच न्हाई जिभंला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुमी लाजंनं यायचं बंद केलं असतं. म्हातारी गेल्यापासनं हितं येतंय कोन?"

तात्या जवळ सरकले, अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली आणि बराच वेळ बघत राहिले.

"आज लाल हाय," म्हणाले.